जोडलेला पेनड्राइव्ह, हार्डडिस्क किंवा कार्ड प्रोग्रॅमला कसं कळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅकअप घेणारा, कॅमेऱ्यातले फोटो उतरवून घेणारा किंवा पेनड्राइव्हवर इमेज (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) लिहिणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला की पहिल्याच दिवशी हा विषय समोर येतो. वरवर पाहता एका फंक्शनचं काम वाटतं. पहिल्या चाचणीत सगळं चालतंही, कारण आपण आपल्याच टेबलावरचा एकच पेनड्राइव्ह लावून बघितलेला असतो. पुढची उत्तरं त्यानंतर काय होतं त्याबद्दल आहेत.

"डिस्क जोडलेली आहे" याचा नेमका अर्थ काय धरायचा?

कोड लिहिण्याआधी हे ठरवा, कारण बहुतेक चुका इथेच जन्माला येतात. "जोडलेलं" या एका शब्दात चार वेगळ्या अवस्था लपलेल्या असतात.

पहिली, उपकरण पोर्टवर आहे. दुसरी, त्या उपकरणात माध्यम आहे, म्हणजे कार्ड रीडरमध्ये खरोखर कार्ड घातलेलं आहे. तिसरी, त्या माध्यमावर ऑपरेटिंग सिस्टिमला वाचता येईल अशी फाइल सिस्टिम आहे. चौथी, ती फाइल सिस्टिम माउंट झाली, म्हणजे वापरासाठी जोडली गेली आहे, आणि तिला ड्राइव्हचं अक्षर किंवा फोल्डरचा पत्ता मिळाला आहे.

रिकामा कार्ड रीडर पहिल्या पायरीवर थांबतो. बिटलॉकरने (विंडोज) किंवा लक्सने (लिनक्स) कूटबद्ध केलेली आणि अजून न उघडलेली डिस्क दुसरीवर थांबते. विंडोजवर तिला अक्षरही मिळालेलं असतं, आत मात्र जाता येत नाही. लिनक्सवर आपोआप माउंट करणारं काहीच चालू नसेल, तर धडधाकट पेनड्राइव्हही तिसऱ्या पायरीपुढे जात नाही.

फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला चौथी अवस्था हवी असते. इमेज लिहिणाऱ्याला दुसरी पुरते, किंबहुना त्याला चौथी नकोच असते. आपल्या प्रोग्रॅमला यातली कोणती हवी हे एका वाक्यात लिहून काढा, मग पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

विंडोजवर ड्राइव्हचा प्रकार "रिमूव्हेबल" आला तर बाहेरचा, "फिक्स्ड" आला तर आतला. एवढं पुरेल ना?

नाही. हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

गेटड्राइव्हटाइप हे फंक्शन ड्राइव्हच्या प्रकाराचा एक आकडा देतं: २ म्हणजे रिमूव्हेबल, ३ म्हणजे फिक्स्ड, ४ म्हणजे नेटवर्कवरचा, ५ म्हणजे सीडी. यूएसबीने जोडलेली हार्डडिस्क किंवा एसएसडी इथे जवळजवळ नेहमी ३ सांगते. फंक्शन चुकत नाही. आपण त्याला भलताच प्रश्न विचारत असतो.

स्कझी या डिस्कशी बोलण्याच्या जुन्या प्रणालीत प्रत्येक उपकरणाला "तू कोण?" असं विचारण्याची एक आज्ञा आहे, इन्क्वायरी. तिच्या उत्तरातल्या एका बिटमध्ये उपकरण सांगतं की माझ्यातलं माध्यम काढता येतं की नाही. फ्लॉपी किंवा सीडीचा ड्राइव्ह जागेवर राहतो आणि चकती बाहेर येते, त्या काळातला हा विचार. यूएसबी मास स्टोरेजने, म्हणजे यूएसबीवरून डिस्क जोडण्याच्या पद्धतीने, तीच भाषा उचलली. हार्डडिस्कच्या खोक्यातून चकती काढता येत नाही, म्हणून ते खोकं प्रामाणिकपणे "नाही" म्हणतं. अख्खं खोकंच उपटून नेता येतं हे त्या बिटला विचारलेलंच नाही. बहुतेक पेनड्राइव्ह "हो" म्हणतात, पण "नाही" म्हणणारे पेनड्राइव्हही बाजारात आहेत.

लिनक्सवर /सिस/ब्लॉक खाली प्रत्येक डिस्कच्या फोल्डरात "रिमूव्हेबल" नावाची फाइल असते आणि तिच्यात ० किंवा १ असतो. तीही हाच बिट दाखवते, त्यामुळे तिथेही हाच घोटाळा होतो.

मी लिहिलेल्या एका बॅकअप प्रोग्रॅममध्ये ही चूक होती. पेनड्राइव्हवर तो सुरेख चालायचा आणि ज्या मोठ्या हार्डडिस्कसाठी लिहिला होता, ती यादीत कधीच यायची नाही. केबल बदलून झाली, पोर्ट बदलून झालं, दोष मात्र एका अटीत होता. तेव्हापासून मी ही अट दुसऱ्याच्या कोडमध्ये दिसली तरी थांबून विचारतो.

मग बाहेरची डिस्क ओळखायची कशी?

एका खुणेवर विसंबू नका, तीन खुणा एकत्र बघा.

पहिली खूण बसची, म्हणजे उपकरण ज्या मार्गाने संगणकाशी जोडलेलं आहे त्याची. विंडोजवर डिस्कचं हँडल, म्हणजे तिच्याशी बोलण्याचा दुवा, उघडून स्टोरेज क्वेरी प्रॉपर्टी ही विनंती पाठवली की उत्तरात बस टाइप येतो आणि यूएसबीसाठी त्याचं मूल्य ७ असतं. हँडल उघडताना वाचण्या-लिहिण्याचा कोणताही हक्क मागू नका, म्हणजे हक्कांच्या जागी शून्य द्या. मग प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. लिनक्सवर यूडेव्ह ही उपकरणांची नोंद ठेवणारी सेवा त्या डिस्कच्या नोंदीत बसचं नाव ठेवतं, आणि /सिस/ब्लॉक मधली लिंक उलगडली तर पूर्ण मार्गात यूएसबीचा उल्लेख दिसतो.

पण बस म्हणजे जागा नव्हे. कित्येक लॅपटॉपमधला अंगचा कार्ड रीडर आतल्या आत यूएसबीवरच जोडलेला असतो. उलट थंडरबोल्टने जोडलेली बाहेरची एसएसडी स्वतःला एनव्हीएमई म्हणवते आणि ई-साटाची डिस्क साटा म्हणवते, म्हणजे दोन्ही आतल्या डिस्कसारख्याच दिसतात.

म्हणून दुसरी खूण, काढण्याचं धोरण. विंडोज प्रत्येक उपकरणासाठी रिमूव्हल पॉलिसी ठेवतं: हे काढलं जाणं अपेक्षित नाही, नीट सांगून काढलं जाईल, किंवा अचानक उपटलं जाईल. आपल्या मनातल्या "बाहेरच्या डिस्क"च्या सर्वात जवळ जाणारी माहिती हीच.

तिसरी खूण नकाराची आहे. ज्या डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम चालू आहे ती यादीतून वगळा, मग ती यूएसबीवर असली तरीही. पेनड्राइव्हवरून बूट केलेल्या संगणकावर तुमचा इमेज लिहिणारा प्रोग्रॅम चालू शकतो, आणि तिथे ही एक अट राहून गेली तर वापरणाऱ्याची चालू सिस्टिम पुसली जाईल. या अटीला पर्याय नाही.

दर सेकंदाला ड्राइव्हची यादी काढून आधीच्या यादीशी ताडली तर चालेल का?

छोट्या कामाला चालेल, पण काय तपासता त्यावर सगळं अवलंबून आहे. विंडोजचं गेटलॉजिकलड्राइव्ह्ज फक्त एक ३२ बिटांचा आकडा देतं. सर्वात खालचा बिट ए ड्राइव्हचा, त्याच्या पुढचा बीचा, असे २६ बिट कामाचे. हे फंक्शन डिस्कला हात लावत नाही, म्हणून ते वारंवार बोलावलं तरी त्रास नाही.

त्रास सुरू होतो तो प्रत्येक ड्राइव्हचं नाव, मोकळी जागा किंवा फोल्डर तपासायला लागल्यावर. झोपलेली हार्डडिस्क दर वेळी जागी होऊन फिरायला लागते. तुटलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर तुमचा धागा (थ्रेड) कित्येक सेकंद अडकून राहतो. शिवाय दोन फेऱ्यांच्या मधे कोणी एक पेनड्राइव्ह काढून दुसरा लावला आणि त्याला तेच अक्षर मिळालं, तर तुमच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. सूचना मिळवण्याची सोय सगळ्या मोठ्या सिस्टिमवर आहे, ती वापरा.

विंडोजवर या सूचना कशा मिळतात?

खिडकी असलेल्या प्रोग्रॅमला डब्ल्यूएम डिव्हाइसचेंज हा संदेश येतो. व्हॉल्यूम (फाइल सिस्टिम असलेला डिस्कचा भाग) आल्याची आणि गेल्याची सूचना प्रत्येक वरच्या पातळीच्या खिडकीला नोंदणी न करताच मिळते. सोबतच्या रचनेत ड्राइव्हच्या अक्षरांचा मुखवटा, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक बिट असलेला आकडा, असतो. त्यात एकाहून जास्त बिट लागलेले असू शकतात, तेव्हा पहिला बिट सापडला की शोध थांबवू नका. केवळ संदेश घेण्यासाठी बनवलेल्या अदृश्य खिडकीला हे सार्वजनिक संदेश येत नाहीत. "माझ्याकडे संदेशच येत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच आलेली असते.

अक्षर न मिळालेल्या डिस्कही हव्या असतील तर रजिस्टरडिव्हाइसनोटिफिकेशनने डिस्क किंवा व्हॉल्यूम इंटरफेससाठी नोंदणी करावी लागते. तुमचा प्रोग्रॅम सर्व्हिस (खिडकीशिवाय पडद्यामागे चालणारा) असेल तर तिथे खिडकीऐवजी सर्व्हिसचं हँडल देता येतं. विंडोज ८ पासून सीएम रजिस्टर नोटिफिकेशन आहे. त्याला खिडकीही लागत नाही, ते थेट तुमचं कॉलबॅक, म्हणजे तुम्ही नोंदवून ठेवलेलं फंक्शन, बोलावतं. नवीन कोड लिहीत असाल तर मी तेच घ्या म्हणेन.

स्क्रिप्टमधून काम करायचं असेल तर डब्ल्यूएमआय या विंडोजच्या माहिती देणाऱ्या यंत्रणेतली विन३२ व्हॉल्यूमचेंजइव्हेंट ही घटना सोपी पडते. तिच्यात २ म्हणजे आला, ३ म्हणजे गेला.

एक मात्र पाळा. सूचना आल्या जागी कॉपी सुरू करू नका. सूचना रांगेत टाका, लगेच परत या आणि काम दुसऱ्या धाग्यावर करा.

लिनक्सवर?

कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, प्रत्येक बदलाची घोषणा नेटलिंक सॉकेटवर (प्रोग्रॅमना बातमी देण्याच्या वाहिनीवर) करतो. यूडेव्ह ती ऐकतं, डिस्कवरची फाइल सिस्टिम ओळखतं, तिचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि नाव नोंदवतं, /डेव्ह खालच्या लिंका तयार करतं आणि मग स्वतःची घोषणा करतं. लिबयूडेव्ह या यूडेव्हच्या लायब्ररीत मॉनिटर बनवताना "कर्नल" आणि "यूडेव्ह" असे दोन पर्याय मिळतात. नेहमी दुसरा घ्या. पहिल्यात बातमी लवकर येते, पण तोवर डिस्कची ओळख पटलेली नसते आणि तुम्ही रिकाम्या नोंदी वाचत बसता. गाळणी ब्लॉक या उपप्रणालीवर लावा. ऐकण्यासाठी रूटचे अधिकार लागत नाहीत.

लक्षात घ्या, "ॲड" घटना म्हणजे माउंट झालं असं नाही. माउंट कळण्यासाठी /प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फो ही फाइल उघडून तिच्यावर पोल (बदलाची वाट पाहणारं फंक्शन) लावा. माउंटची यादी बदलली की पोल जागं होतं. ओळी वाचताना फोल्डरच्या नावातली मोकळी जागा उलट्या तिरप्या रेषेपुढे ०४० अशी लिहिलेली असते, ती परत उलगडा. नाहीतर नावात दोन शब्द असलेला प्रत्येक पेनड्राइव्ह "सापडत नाही".

कित्येक जण /मीडिया फोल्डरवर आयनोटिफाय (फोल्डरमधल्या बदलांवर पाळत ठेवणारी सोय) लावतात. त्यातून फोल्डर तयार झाल्याचं कळतं, माउंट झाल्याचं नाही. फोल्डर आधी बनतो आणि माउंट नंतर होतं. त्या मधल्या क्षणी तुम्ही लिहायला गेलात तर फाइल संगणकाच्याच डिस्कवर जाते.

डेस्कटॉपसाठी लिहीत असाल तर यूडिस्क्स २ ही सेवा डी-बसवरून (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्याच्या वाहिनीवरून) हे सगळं एकत्र देते. तिच्या ड्राइव्ह वस्तूत "रिमूव्हेबल" आणि "मीडिया रिमूव्हेबल" असे दोन वेगळे गुण आहेत, शिवाय जोडणीची बसही आहे. वर सांगितलेला फरक इथे कोणीतरी नीट विचार करून वेगळा काढला आहे, हे पाहून बरं वाटतं.

आधी असलेल्या डिस्कची यादी काढू की आधी सूचनांची नोंदणी करू?

आधी नोंदणी, मग यादी.

उलट केलं तर यादी काढून संपल्यावर आणि नोंदणी होण्याआधी लावलेला पेनड्राइव्ह दोन्हीकडून निसटतो. ही फट काही मिलिसेकंदांची असते, त्यामुळे चाचणीत ती कधीच सापडत नाही आणि संगणक सुरू होताना, जेव्हा सगळी उपकरणं एकामागून एक जागी होतात, तेव्हा हमखास सापडते. आधी नोंदणी केली की एखादी डिस्क दोनदा दिसेल. दोनदा दिसलेली डिस्क ओळखून एक नोंद टाकून देणं सोपं असतं, न दिसलेली शोधणं अशक्य.

मॅकवर हा प्रश्न येत नाही. तिथल्या डिस्क आर्बिट्रेशन चौकटीत "डिस्क दिसली" यासाठी कॉलबॅक नोंदवलं की आधीपासून असलेल्या डिस्कसाठीही ते बोलावलं जातं.

एकच पेनड्राइव्ह लावला आणि सूचना पाच-सहा आल्या. काही बिघडलं आहे का?

काही नाही. यूएसबी उपकरण, त्याचा इंटरफेस, त्यावरची डिस्क, डिस्कवरचं प्रत्येक पार्टिशन, अशी प्रत्येक पातळी स्वतःची हजेरी लावते. संगणक झोपेतून उठला की आधीचीच डिस्क "गेली" आणि "आली" असंही कळू शकतं.

सूचनेकडे "काहीतरी बदललं, पुन्हा बघ" एवढ्याच अर्थाने पाहा. सूचना आली की अर्धा सेकंद थांबा, मधे आलेल्या बाकीच्या एकत्र करा, मग एकदाच ताजी यादी काढून आधीच्या यादीशी ताडा. या पद्धतीत एखादी सूचना हरवली तरी पुढच्या सूचनेला हिशेब जुळतो.

मॅकवर आणखी काय सांभाळावं लागतं?

डिस्क आर्बिट्रेशन प्रत्येक डिस्कचं वर्णन देतं: उपकरण आतलं आहे का, माध्यम काढता येतं का, इजेक्ट होतं का, जोडणी कशाने आहे. "आतलं आहे का" हा प्रश्न थेट विचारता येतो, ही मोठी सोय. तरी अंगच्या कार्डाच्या खाचेतलं कार्ड "आतल्या" उपकरणातलं काढता येणारं माध्यम ठरतं, म्हणून दोन्ही गुण बघा. डिस्क दिसली त्या क्षणी तिचा माउंटचा पत्ता रिकामा असू शकतो. तो भरला जाण्याची सूचना वेगळी घ्यावी लागते.

२०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून काढता येण्याजोग्या व्हॉल्यूमवरच्या फाइल वाचण्याआधी वापरणाऱ्याची परवानगी मागितली जाते. परवानगी नाकारली तर डिस्क दिसते, फाइल मिळत नाहीत. तुमच्या संदेशात हा फरक स्पष्ट लिहा.

अँड्रॉइडवर "एक्सटर्नल स्टोरेज" विचारलं की फोनचीच मेमरी मिळते. असं का?

कारण तिथे त्या शब्दाचा अर्थ "ॲपच्या खासगी जागेबाहेरची साठवण" असा आहे. बहुतेक फोनमध्ये ती आतल्या चिपवरच असते. खरोखर काढता येणारं कार्ड किंवा केबलने लावलेला पेनड्राइव्ह शोधायला अँड्रॉइड ७ पासून स्टोरेजमॅनेजरकडून व्हॉल्यूमची यादी घ्या आणि प्रत्येकाला "रिमूव्हेबल आहेस का?" असं विचारा. अँड्रॉइड ११ पासून बदलांसाठी कॉलबॅकही नोंदवता येतं. फाइलपर्यंत पोचायला मात्र वापरणाऱ्यानेच फोल्डर निवडून द्यावा लागतो.

फोन किंवा कॅमेरा केबलने जोडला, पण ड्राइव्हच्या यादीत येत नाही.

तो डिस्क म्हणून जोडलेलाच नसतो. फोन एमटीपी आणि कॅमेरे बरेचदा पीटीपी या भाषेत बोलतात. डिस्क म्हणून जोडलेल्या उपकरणावर संगणक स्वतः ब्लॉक लिहितो, आणि एका फाइल सिस्टिमवर दोन धनी एकाच वेळी लिहू लागले तर ती मोडते. म्हणून फोन आपली साठवण स्वतःकडे ठेवतो आणि "ही फाइल दे, ही घे" एवढ्याच मागण्या पुरवतो. विंडोजवर यासाठी पोर्टेबल डिव्हाइसेसचा वेगळा मार्ग आहे, लिनक्सवर लिबएमटीपी आहे. फोन कुलूपबंद असेल तर यादी रिकामी येते. वापरणाऱ्याला आधी फोन उघडायला सांगा.

वेबपेजमधून जोडलेला पेनड्राइव्ह ओळखता येतो का?

नाही, आणि हे मुद्दाम तसं ठेवलं आहे. वेबयूएसबी या वेबपेजला यूएसबी उपकरणाशी बोलू देणाऱ्या सोयीत मास स्टोरेज हा वर्ग संरक्षित आहे, त्याला पानातून हात लावता येत नाही. वापरणाऱ्याने स्वतः निवडलेली फाइल किंवा फोल्डर तेवढा मिळतो.

सगळ्या सिस्टिमवर चालणारी एखादी लायब्ररी सांगा.

यादीसाठी पायथनमध्ये पीएसयूटिल, क्यूटीमध्ये ५.४ पासून क्यूस्टोरेजइन्फो, डॉटनेटमध्ये ड्राइव्हइन्फो. तिन्ही माउंट झालेल्या व्हॉल्यूमपर्यंत नेतात. विंडोजवर पीएसयूटिलचा "रिमूव्हेबल" शब्द आणि ड्राइव्हइन्फोचा प्रकार खाली त्याच गेटड्राइव्हटाइपमधून येतात, त्यामुळे हार्डडिस्क "फिक्स्ड" दिसण्याचा दोष जसाच्या तसा वर येतो. क्यूस्टोरेजइन्फोत तर काढता येण्याजोगेपणाचा गुणच नाही. मी यादीसाठी लायब्ररी वापरतो आणि "बाहेरची आहे का" यासाठी प्रत्येक सिस्टिमचं छोटं वेगळं फंक्शन लिहितो. तीन फंक्शनं लिहिणं एका चुकीच्या फंक्शनपेक्षा स्वस्त पडतं.

रिकामा कार्ड रीडर लावला की विंडोजवर "डिस्क घाला" अशी चौकट उघडते.

तुमच्या प्रोग्रॅमने रिकाम्या ड्राइव्हचं काहीतरी वाचायचा प्रयत्न केला आहे. सुरुवातीलाच सेटएररमोडने गंभीर चुकांच्या चौकटी बंद करा, म्हणजे चौकटीऐवजी तुम्हाला एररचा क्रमांक मिळेल. डॉटनेटमध्ये नाव किंवा आकार विचारण्याआधी "तयार आहे का" हे बघा. तरीही अपवाद पकडाच, कारण तपासणं आणि वाचणं यांच्या मधेही कार्ड निघू शकतं.

तोच पेनड्राइव्ह पुन्हा लावला आहे हे कसं ओळखू?

अक्षरावरून नक्कीच नाही, आणि लिनक्सवरच्या एसडीबी, एसडीसी या नावांवरूनही नाही. ती येण्याच्या क्रमाने मिळतात.

उपकरणाचा अनुक्रमांक हा पहिला पर्याय. यूएसबी मास स्टोरेजच्या बल्क-ओन्ली नियमांनुसार तो किमान १२ अंकी आणि वेगळा असायला हवा. प्रत्यक्षात तो नसलेली किंवा सगळ्या नगांवर एकच छापलेली उपकरणं भेटतात. अनुक्रमांक नसेल तर विंडोज पोर्टवरून ओळख बनवतं, म्हणून तोच पेनड्राइव्ह शेजारच्या पोर्टमध्ये लावला की नवा ठरतो.

दुसरा पर्याय फाइल सिस्टिमची ओळख. फॅटची ३२ बिटांची, एनटीएफएसची ६४ बिटांची, ईएक्सटी ४ ची १२८ बिटांची. फॉरमॅट केलं की ती बदलते आणि डिस्कची हुबेहूब प्रत काढली की दोन डिस्कची एकच होते.

बॅकअपसारख्या कामात मी तिसरा मार्ग धरतो. पहिल्यांदा डिस्क निवडली की तिच्यावर एका छोट्या फाइलमध्ये यादृच्छिक ओळख लिहायची, आणि पुढे ती फाइल व फाइल सिस्टिमची ओळख दोन्ही जुळल्या तरच पुढे जायचं. जिथे चुकीच्या डिस्कवर लिहिणं घातक आहे, तिथे नाव आणि आकार दाखवून माणसाला विचारा.

कॉपी चालू असताना कोणी केबल उपटली तर?

हे होणार असं धरूनच कोड लिहा. विंडोजवर २१, १११२ किंवा ११६७ हे क्रमांक येऊ शकतात: तयार नाही, माध्यम नाही, उपकरण जोडलेलं नाही. लिनक्सवर लिहिण्याचं फंक्शन यशस्वी होऊन परत येतं, कारण मजकूर अजून मेमरीतच असतो. खरी चूक एफसिंक (मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवायला लावणारं फंक्शन) केल्यावर कळते. म्हणून एफसिंक यशस्वी झाल्याशिवाय "कॉपी झाली" असा संदेश दाखवू नका. नवीन फाइल तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावर नाव बदला, म्हणजे अर्धवट फाइल पूर्ण असल्याचा आव आणणार नाही.

याहून वाईट प्रकार लिनक्सवर होतो. माउंटसाठी कायमचा फोल्डर ठेवलेला असेल आणि डिस्क लावलेलीच नसेल, तरी फोल्डर असतोच. बॅकअप निमूटपणे त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे संगणकाच्याच डिस्कवर जातो. कोणतीही चूक येत नाही. संगणकाची डिस्क भरली किंवा बिघडली की मगच कळतं की बाहेरच्या डिस्कवर काहीच नव्हतं. लिहिण्याआधी फोल्डरचा उपकरण क्रमांक आणि त्याच्या वरच्या फोल्डरचा क्रमांक ताडून बघा. दोन्ही सारखे असतील तर तिथे काहीही माउंट झालेलं नाही, लगेच थांबा.

"डिस्क वापरात आहे" म्हणून इजेक्ट होत नाही, आणि दोषी माझाच प्रोग्रॅम निघतो.

उघडी राहिलेली फाइल, फोल्डरवर लावलेली पाळत किंवा प्रोग्रॅमचा चालू फोल्डर त्या डिस्कवर असणं, या तिघांपैकी एक सापडेल. विंडोजवर उघडलेल्या हँडलसाठी नोंदणी केली तर काढण्याआधी "काढू का?" अशी विचारणा येते. त्या वेळी सगळी हँडलं बंद करा आणि होकार द्या. नंतर "काढणं रद्द" अशी सूचना आली तर पुन्हा उघडा.

कंटेनर किंवा व्हर्च्युअल मशीनमधून का दिसत नाही?

कंटेनरला, म्हणजे प्रोग्रॅमला बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणाऱ्या कप्प्याला, माउंटची स्वतःची वेगळी यादी असते. डॉकरमध्ये जोडलेल्या फोल्डरात नंतर झालेलं माउंट आत पोचत नाही, त्यासाठी जोडताना आरस्लेव्ह हा प्रसार द्यावा लागतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये यूएसबी उपकरण यजमानाकडून सोपवून घ्यावं लागतं.

सुरक्षेसाठी काय सांभाळू?

पेनड्राइव्हवरून आलेली प्रत्येक गोष्ट परक्याकडून आली आहे असं धरा, व्हॉल्यूमचं नावसुद्धा. ते नाव कमांडच्या ओळीत, एचटीएमएलमध्ये किंवा फोल्डरच्या पत्त्यात थेट चिकटवू नका. डिस्कवरचं काहीही आपोआप चालवू नका. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट पेनड्राइव्हवरच्या शॉर्टकट फाइलमधून पसरला होता, नुसतं चिन्ह दाखवण्याइतकं निमित्त त्याला पुरत होतं. यूएसबीवरचं ऑटोरन (डिस्क लावताच तिच्यावरचा प्रोग्रॅम चालवणं) विंडोज ७ मध्ये बंद होतं, आणि फेब्रुवारी २०११ च्या अपडेटने ते एक्सपी आणि व्हिस्टावरही बंद झालं. तुमच्या प्रोग्रॅमने ते मागच्या दाराने पुन्हा सुरू करू नये.

हे सगळं तपासायला दर वेळी पेनड्राइव्ह लावत-काढत बसायचं का?

गरज नाही. लिनक्सवर स्कझी डीबग हे मॉड्यूल खोटी डिस्क बनवतं आणि तिचा रिमूव्हेबल बिट आपल्याला हवा तसा ठेवता येतो. यूएसबीचा संपूर्ण मार्ग हवा असेल तर डमी एचसीडी आणि मास स्टोरेज गॅजेट ही दोन मॉड्यूल मिळून एका साध्या फाइलचा "पेनड्राइव्ह" करतात. विंडोजवर व्हीएचडी (फाइलमधली आभासी डिस्क) जोडता येते, पण तिची बस यूएसबी नसते, म्हणून तुमची गाळणी तिला नाकारेल आणि ते बरोबरच असेल.

मला सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट क्यूइमू, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम. त्याच्या मॉनिटरमधून चालू मशीनला यूएसबी डिस्क जोडता आणि उपटता येते, आतलं मशीन विंडोज असो की लिनक्स, आणि रिमूव्हेबल बिट चालू-बंदही करता येतो. स्क्रिप्ट लिहून शंभर वेळा जोडा आणि काढा. बिट बंद ठेवून लावा, कॉपीच्या मधेच उपटा, एक काढून लगेच दुसरी लावा, आणि प्रोग्रॅम सुरू होत असतानाच्या क्षणी तर नक्की लावा.